भाडेकरूसकट

आमच्या ह्यांचा सगळा जन्म पानवेलीच्या मळ्यात गेला, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते झाडावर नेऊन ठेवतात. बोईसरला एखादं घर गुंतवणूक म्हणून घ्या, असं मुलाने पुण्याहून सुचवलं तेव्हाही तेच झालं. एजंट फोनवर म्हणाला, "काका, सरावलीत फ्लॅट आहे, भाडेकरूसकट. पार्टी जुनी आहे, कुठे जाणार नाही." हे लगेच खूश. मला म्हणाले, "फळाला आलेलं झाड हाय. या वयात रोप लावून पाणी कोण घालत बसणार?"

मी आपली सावध. मला भिंती बघितल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही, आणि कधीकधी बघूनही बसत नाही.

रविवारी सकाळी स्कूटरवरून निघालो. उमरोळी येईपर्यंत हे मागे वळून वळून झाडाचंच बोलत होते आणि मी "समोर बघा" म्हणत होते. इमारतीखाली एजंट मोटरसायकलवर बसून दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. फोन कानावरून न काढता त्याने वर बोट केलं. "दुसरा मजला, डावीकडे. सांगून ठेवलंय. बघून घ्या, मी आलोच."

आम्ही बेलवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं. काठापदराची साडी नेसलेल्या बाई आणि कडक इस्त्रीच्या शर्टातले त्यांचे यजमान दोघंही हात जोडून उभे. "या, या. वाटच बघत होतो. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

सोफ्यावर नवी चादर, पंखा फुल्ल. बसतो न बसतो तोच पोह्यांच्या बशा आल्या, वर भरपूर शेव. लाडूही आले. घर बघायला आलेल्यांना भाडेकरूने पाणी विचारलं तरी पुष्कळ, इथे तर लाडू. माझ्या मनात पाल चुकचुकली. नक्की कुठेतरी गळतंय, म्हणून ही सरबराई. मी मान वर करून छत न्याहाळायला लागले, आणि सापडलंच. खिडकीजवळच्या भिंतीवर चांगली हातभर ओल होती, आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

यजमान स्वतःहून सगळं सांगत होते. मूळचे जळगावकडचे, तारापूरच्या कारखान्यांपैकी एकात ऑपरेटर, व्यसन कसलं नाही. ह्यांना माणूस आवडला. पोहे खाता खाता म्हणाले, "आमाला काय बदल करायचा नाय. जसं हाय तसं घेणार."

यजमानांचे डोळे भरून आले. "आजकाल असं कोण बोलतं, दादा? तरी तुमच्या काही अपेक्षा असतील तर आधीच सांगा."

"अपेक्षा कसली? माणसं चांगली पायजेत. ती दिसली."

नवराबायकोने एकमेकांकडे अशा आनंदाने पाहिलं की माझा संशय आणखी बळावला. मी मुद्द्यावर आले. "किती वर्षं झाली?"

"मागच्या महिन्यात चोवीस पूर्ण झाली," बाई म्हणाल्या.

मी भडकलेच. "आम्हाला तर दहा-बारा सांगितलं होतं."

"नुसती बारावी नाही हो," बाई घाईघाईने म्हणाल्या, "पुढे डिप्लोमापण केलाय."

इमारतीने डिप्लोमा केल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे लाडवाकडे पाहत होते. तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन, साडी सांभाळत, खाली मान घालून एक मुलगी बाहेर आली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो ताई," मी म्हटलं, "आम्ही घर बघायला आलोय."

पहिल्यांदा ती मुलगीच फिस्सकन हसली, मग तिची आई, मग मी. हसता हसता मला ठसका लागला. पण बाईंचं हसू मध्येच थांबलं.

"म्हणजे हे घर विकायला काढलंय?"

मालक वसईला राहणारा. एजंटने त्याला सांगून ठेवलं होतं, त्याने भाडेकरूंना अवाक्षर कळवलं नव्हतं. आता मुलीला बघायला मुलाचे आईवडील येणार होते, पालघरचे, पहिल्यांदाच. स्थळ चांगलं होतं, मुलीच्याही मनात भरलेलं.

"घर सुटणार असं कळलं तर काय म्हणतील ते?" बाई खाली बसल्या. "पोर इथेच लहानाची मोठी झाली. लग्न ठरलं तर करायचं कुठून?"

"खरं ते सांगून टाकायचं, आई," मुलगी म्हणाली. मला ती पोर फार आवडली.

आणि बेल वाजली.

आम्ही उठलो, पण त्या एवढ्याशा खोलीतून निसटणार कुठून? मुलाकडचे आत आले, बसले, आमच्या रिकाम्या बशांकडे पाहू लागले. मुलाच्या आईने विचारलं, "हे कोण?"

बाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या. ह्यांनी उरलेला लाडू सावकाश गिळला. "आमी घरमालक," हे म्हणाले.

मी थक्क. या माणसाने उभ्या आयुष्यात जुडीतली पानं मोजून सांगतानाही कधी थाप मारली नव्हती.

"म्हणजे घर भाड्याचं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. "मग लग्नापर्यंत इथेच ना हे लोक?"

"पुढंबी राहतील. हे हायेत म्हणून तर घर घेतलं."

पुढचं बोलणं सुरळीत झालं. पोहे पुन्हा आले, आम्हालाही आले. मुलाकडचे उठले ते "मुलाला घेऊन येतो" असं म्हणूनच.

ते गेल्यावर दार लावून बाईंनी ह्यांना विचारलं, "दादा, तुम्ही बोलून बसलात. पण घर खरंच घेणार का?"

हे माझ्याकडे पाहू लागले. थाप ह्यांनी मारायची आणि निस्तरायची मी, हे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मुलीने ट्रे छातीशी घट्ट धरला होता.

मी उठले आणि कॅलेंडर बाजूला केलं. "ही ओल तेवढी काढून घ्यायला हवी," मी म्हटलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

घर आमच्या नावावर झालं आणि थाप खरी ठरली. लग्नात विड्यांची पानं आमच्या मळ्यातली होती. टोपली डोक्यावर घेऊन हे दुसऱ्या मजल्यावर स्वतः चढले. पोरीची पाठवणी त्याच दारातून झाली, तेव्हा मला रडू आवरेना. आम्हाला मुलगी नाही, त्यामुळे असं रडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दिवाळीत ती नवऱ्याला घेऊन आमच्या गावी आली, फराळाचा डबा घेऊन. ह्यांनी तिला मळा दाखवला आणि न राहवून विचारलं, "काय गं, घर कसं हाय?" ह्यांना विचारायचं होतं तिच्या सासरचं.

"छान आहे, काका," ती म्हणाली. "खिडकीजवळची ओल पूर्ण गेली."