दोन लिंबांची गाडी

मामी लिंबू आधी हुंगायच्या आणि मगच बोलायच्या. "दोन लिंबांची नक्को गं. चार लिंबांची घे म्हणून सांग त्याला."

चेन्नईत नवी गाडी आणली की प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवतात, पूजा करतात आणि गाडी त्याच्यावरून नेतात, लिंबू चिरडलं की नजर गेली. म्हणजे दोन लिंबांची ती मोटरसायकल आणि चार लिंबांची ती कार.

मामी आमच्या घरमालकीण, तंजावरकडच्या मराठी. मी साताऱ्याची, कडेवर लहान पोर, तमिळचं अक्षर कळत नव्हतं, मग दिवसभर मला त्याच एक. तुम्ही पण बघितली असेल अशी बाई, सगळ्यात नाक खुपसणारी आणि पोरीला ताप आला की उशाशी बसणारी.

आमचे हे इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. शिफ्ट बदलली की कंपनीची बस चुकायची, म्हणून गाडी घ्यायचीच ठरलं, जुनी कार नाहीतर नवी मोटरसायकल. हे म्हणायचे, "कार घेऊन काय, ट्रॅफिकमध्ये बसून राहू? मोटरसायकल फटीतून निघते." आणि मला त्या फटीचीच भीती, त्या रस्त्याला दोन्हीकडून कंटेनर.

"अहो, आणि पोरीला कुठं बसवायचं?"

"टाकीवर. इथं सगळे बसवतात."

जिन्यातून मामी ओरडल्या, "अय्यो! आणि लॉरी आली तर?"

"मामी, तुमच्या काळातली बैलगाडीच आणतो मग."

"बैल तरी पुढं बघून चालतो रे, कण्णा." कण्णा म्हणजे बाळ, ह्यांना त्या तसंच म्हणायच्या.

मोटरसायकलच आली. मामींनीच कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि कापूर आणायला आत गेल्या. तेवढ्यात ह्यांना शिफ्टची घाई झाली. वाकून दोन्ही लिंबं उचलली, माझ्या हातात दिली, "वाया कशाला घालवायची, सरबत कर," म्हणाले आणि गेले पण.

मामी कापूर घेऊन आल्या तर माझ्या हातात लिंबं, अख्खी. त्यांनी लिंबं घेतली, हुंगली नाहीत, देवापाशी नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून ह्यांची यायची वेळ झाली की मामी गेटाशी. विचारलं तर, "वारं घेते गं." चेन्नईच्या मे महिन्यात कसलं वारं! गाडीचा आवाज ओळखला की हे दिसायच्या आधीच आत जायच्या. मला बरं वाटायचं, भ्यायला दोघी होतो.

एकदा हे आले ते गुडघा फोडून, आरसा तुटलेला. "काही नाही, रस्त्यावर वाळू होती." मामींनी हळद लावली. हे आत गेल्यावर माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "हे एका लिंबाचं."

मग पावसाळ्यात मामी झोपेतच गेल्या. त्यांच्या लेकीनं देवघर आवरलं, ती लिंबं वाळून काळी झालेली, ती टाकणार तर मी मागून घेतली. सकाळी ह्यांच्या चाकांखाली ठेवली.

"काय हा वेडेपणा!"

"अहो, माझ्यासाठी. फक्त एकदा."

हे हसले आणि गाडी पुढं घेतली. पुढच्या चाकाखालचं फुटलं, भुगा झाला. मागचं चिरडलंच नाही, दगडासारखं टणकन उडालं आणि गटारात गेलं. ह्यांनी मागं वळून पण बघितलं नाही.

आता मी पोरीला घेऊन गेटाशी उभी असते. कुणी विचारलं तर सांगते, वारं घेते.