एल्व्हाबाईंचं ‘तसं बरंय’

एल्व्हा ट्रेनॉर्डन यांनी आयुष्यातली पहिली नवी कोरी गाडी घेतली ती सत्तरी उलटल्यावर, आणि आठवडा व्हायच्या आत ती गाडी आपल्या मनाने हॉर्न वाजवायला लागली. सरळ जाताना गप्प, उजवीकडे वळताना गप्प, पण स्टीअरिंग डावीकडे पुरतं फिरवलं की पीप! बाईंचा हात हॉर्नच्या आसपासही नसायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांनी काच खाली करून मागे कोण आलंय ते पाहिलं. मागे कुंपणापलीकडे एक मेंढी उभी होती.

दुसरं कुणी असतं तर त्याच दिवशी गाडी कदीना शहरातल्या शोरूमवर नेऊन टेबलावर मूठ आपटली असती. पण एल्व्हाबाईंना मूठ आपटता येत नव्हती. द्वीपकल्पावरच्या आमच्या वॉरूका गावात माणसाला सगळं माफ आहे. दारू पिऊन क्लबच्या हिरवळीवर झोपला, माफ. शेजाऱ्याची मेंढी कापून खाल्ली, वर्षा-दोन वर्षांत माफ. फक्त कुरकुर माफ नाही. कुरकुऱ्या म्हणून एकदा शिक्का बसला की नातवंडांच्या लग्नापर्यंत पुसत नाही. म्हणून इथे ‘कसं काय?’ याला एकच उत्तर, ‘तसं बरंय.’ बार्ली जळाली, तसं बरंय. बायको सोडून गेली, तसं बरंय. एल्व्हाबाईंच्या वडिलांचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला तेव्हा ते ‘जरा अडचण झालीय’ एवढंच म्हणाले होते.

बाईंनी हे बाळकडू जन्मभर जपलं. केस कुरळे करायला गेल्या आणि जांभळे होऊन आल्या, तर वर न्हावीणबाईंना केक नेऊन दिला. स्वयंपाकघराच्या भिंतीला पांढऱ्या फरशा सांगितल्या होत्या, गवंड्याने कलेजीच्या रंगाच्या बसवल्या. त्यांच्याकडे पाठ करून त्या आजतागायत बटाटे सोलतात. नवरा रॉस दवाखान्याच्या खाटेवरून डॉक्टरांना ‘तसं बरंय’ म्हणाला आणि संध्याकाळी गेला. छातीत काय होतंय ते खरं सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता. बाईंना त्याचा राग होता, अगदी खरा, जळजळीत राग. पण तो सांगायचा कुणाला? तीही कुरकुरच.

तर हॉर्न. शहरात हॉर्न म्हणजे शिवी. आमच्याकडे हॉर्न म्हणजे नमस्कार. समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं, घरोबा असेल तर अख्खा हात, आणि माणूस फारच जिव्हाळ्याचं असेल तर हॉर्न. त्यामुळे गावात कुणालाच गाडीत बिघाड आहे असं वाटलं नाही. एल्व्हाला नव्या गाडीने पालवी फुटली, असंच सगळे म्हणाले. खाटिक दुकानातून हात हलवायचा, शाळेतली पोरं हात हलवायची, बाई उलट हात हलवून हलवून दमायच्या. बुधवारी त्या गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवणाचे डबे पोचवत. त्या दिवशी तर खांद्याला मलम लावावं लागे.

गावातला अर्नी प्रिस वारला तेव्हा कहरच झाला. दफनभूमीचं फाटक रस्त्याच्या डाव्या हाताला. बाईंनी प्रार्थना पुटपुटत गाडी वळवली, आणि त्या स्मशानशांततेत, पीप! बाईंना वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण मागून येणाऱ्या शेतकऱ्याला वाटलं, हा अर्नीला शेवटचा निरोप. त्यानेही हॉर्न दिला. मग त्याच्या मागच्याने. बघता बघता पन्नास-साठ गाड्या लग्नाच्या वरातीसारख्या बोंबलायला लागल्या. अर्नीची बायको ग्लेनिस डोळे पुसत बाईंच्या गळ्यात पडली.

“एल्व्हा, तुझ्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं गं. माझ्या वेळीही वाजवशील ना?”

“वाजवीन की,” बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी लॉइड हाबिखचं घर होतं, आणि घरी जायचं तर त्याच्या फाटकापाशी डावीकडेच वळावं लागे.

लॉइड शाळेत बाईंच्या दोन इयत्ता पुढे. लग्न केलं नाही. अर्ध्या द्वीपकल्पाची कापणीयंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेली. बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. पहिल्या ‘पीप’ला त्याने वाफ्यातून मान वर केली. पुढच्या आठवड्यात बोट वर झालं, मग हात. मग तो बरोबर बाईंच्या यायच्या वेळेला फाटकाशी टोमॅटो घेऊन उभा राहू लागला. मग दाढी झालेली दिसली. मग इस्त्रीचा शर्ट. इस्त्रीचा शर्ट घालून टोमॅटोला पाणी घालणारा माणूस वॉरूकाने तोवर पाहिला नव्हता, आणि वॉरूकाने तो नीट निरखून पाहिला.

टपालकचेरीत चिमटे सुरू झाले. “काय एल्व्हा, आज किती वेळा शीळ घातलीस गं त्याला?”

बाई हसून सोडून देत. घरी येऊन मात्र कान तापत. या वयात एक विधवा बाई एका ब्रह्मचाऱ्याच्या दारासमोर रोज हॉर्न वाजवत फिरते, असं गाव समजतंय. गावाचं एक वेळ जाऊ दे, तो लॉइडही तेच समजतोय! खरं सांगावं तर तो बिचारा तोंडघशी पडणार. न सांगावं तर एका बिघडलेल्या तारेच्या जोरावर आपलं लग्न लागणार. आणि याच्याही खाली, स्वतःलासुद्धा ऐकू जाऊ नये अशा आवाजात, बाईंना तिसरीच भीती होती: सांगितलं, आणि उद्यापासून फाटकाशी कुणीच उभं नसलं तर?

म्हणजे आधी हॉर्न दुरुस्त व्हायला हवा होता. पुढचं पुढे.

पहिल्या सर्व्हिसिंगला शोरूममध्ये ब्रेंटन होता. दात पांढरेशुभ्र, हात पाठीवर मारायला सदैव तयार.

“काय मिसेस टी, कशी चाललीय गाडी?”

“तसं बरंय,” बाई म्हणाल्या.

“झकास!” ब्रेंटनने गाडी धुऊन दिली, सीटवर एक चॉकलेट ठेवलं.

दुसऱ्या खेपेला बाईंनी वाटेत पाठांतर केलं होतं. कंबर कसून त्या म्हणाल्या, “हॉर्न जरा हौशी आहे.”

आता, आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला विचारा, ‘जरा हौशी’ म्हणजे काय. म्हणजे जीव नकोसा केलाय. ब्रेंटनही इथलाच, त्यालाही ते कळायला हवं होतं. पण ज्याला विकायचं असतं त्याचे कान वेगळे असतात.

“अहो, मालकिणीसारखीच!” तो खो खो हसला. “थांबा, मी एक चक्कर मारून बघतो.”

शोरूममधून निघून तो उजवीकडे वळला, कारण उजवीकडे बेकरी होती. बेकरीवरून मटण भरलेली एक गरम पेस्टी घेऊन पुन्हा उजवीकडे, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, आणि शेवटी उजवीकडे वळून परत दारात. चारही वळणं उजवी. हॉर्न मुका.

“एकदम गुणी गाडी, मिसेस टी. मला तर काही दोष दिसत नाही.” मिशीला पेस्टीचा पापुद्रा.

“आभारी आहे हं,” बाई म्हणाल्या, आणि निघताना रस्त्यावर डावीकडे वळल्या. पीप! ब्रेंटनने दारातून आनंदाने हात हलवला.

अशी गाडी दारात परत आली आणि त्या आठवड्यात लॉइडने टोमॅटोच्या पिशवीबरोबर तोंडही उघडलं.

“शुक्रवारी क्लबात श्निट्झेलचं जेवण असतं,” तो आपल्या बुटांना म्हणाला.

“असतं खरं,” बाई म्हणाल्या.

“जाऊया?”

“कल्पना काही वाईट नाही.”

आमच्या भाषेत हा जवळजवळ साखरपुडा. बाईंना घरी पोचल्यावर ते लक्षात आलं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी त्या कदीनाला हजर झाल्या.

ब्रेंटन रजेवर होता. त्याच्या जागी जोमार नावाचा नवा माणूस बसला होता. फिलिपिन्सहून बायको-मुलांसह आलेला, अतिशय अदबशीर. त्याला इथली सगळी भाषा येत होती, फक्त तिच्या पोटात काय असतं ते अजून कळत नव्हतं.

“मॅडम, गाडी कशी आहे?”

“तसं बरंय.”

जोमारने टाइप केलं, थांबला, पुन्हा खोडलं. “माफ करा मॅडम. मला इथं येऊन थोडेच दिवस झाले. काल एक गृहस्थ ‘तसं बरंय’ म्हणाले आणि त्यांच्या गाडीला एक चाक कमी होतं. तुमचं ‘तसं बरंय’ म्हणजे बरं आहे, की बरं नाही?”

बाईंना सबंध आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. न्हावीणबाईंनी नाही, गवंड्याने नाही. रॉसलाही कुणी हे असं विचारायला हवं होतं, खाटेशेजारी बसून, असंच सरळ. बाईंना तिथे, त्या टायरांच्या जाहिरातीखाली, एकदम रडू आलं आणि ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं.

“बरं नाही,” त्या म्हणाल्या.

“थोडं बरं नाही?”

“अजिबात बरं नाही!” बाईंचा आवाज इतका चढला की कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका मेंढपाळाने टोपी काढली. “डावीकडे वळलं की हॉर्न वाजतो! आपोआप! मयताला वाजला, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना दारात वाजला! तुमचा तो ब्रेंटन चार वेळा उजवीकडे वळून, पेस्टी खाऊन परत आला आणि म्हणाला गुणी गाडी! गुणी कसली, शंख आहे! आणि त्यापायी मला उद्या श्निट्झेल खायला जायचंय!”

शेवटचं वाक्य जोमारला समजलं नाही. पण त्याने ते टाइप केलं नाही, एवढा तो शहाणा होता. “चला मॅडम, आपण डावीकडे जाऊ,” तो म्हणाला.

डावीकडे गेले. पीप! स्टीअरिंग उघडून पाहिलं तर आतली एक तार जोडणीच्या वेळीच चिमटली गेली होती. चाक डावीकडे फिरलं की ती उघड्या धातूला टेकायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं. वॉरंटीत, फुकट. जोमारने शोरूमतर्फे माफीही मागितली, आणि बाईंच्या तोंडावर आलेलं ‘असू दे, असू दे’ त्यांनी परतवून लावलं. “मागायलाच हवी होती,” त्या म्हणाल्या. काय गोड लागलं ते वाक्य! गावाच्या वेशीपर्यंत त्या ते पुन्हा पुन्हा म्हणत आल्या.

लॉइडचं फाटक दिसलं तसा मात्र त्यांनी वेग कमी केला. तो उभा होता, हातात पिशवी. बाई डावीकडे वळल्या. गाडी चकार शब्द बोलली नाही. लॉइडचा अर्धा वर गेलेला हात तिथेच थांबला, आणि ते बाईंना बघवेना. त्यांनी फाटकाला लागून गाडी थांबवली, काच खाली केली. इंजिन चालूच ठेवलं. बोलून झाल्यावर पळता यावं म्हणून.

“लॉइड, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.”

लॉइड कधीच मध्ये बोलत नसे.

“तो हॉर्न मी वाजवत नव्हते. कधीच नाही, एकदाही नाही. गाडीत बिघाड होता. आज काढून आले. गाव काय वाटेल ते बोलतंय, आणि तुझाही गैरसमज झाला असणार. चूक माझी. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता तुला शुक्रवारचं रद्द करायचं असेल तर मला राग येणार नाही.” मग त्यांनी श्वास घेतला. आज सुरुवात झालीच होती. “म्हणजे येईल. वाईट वाटेल मला. खूप वाईट वाटेल.”

लॉइडने टोमॅटोची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“स्टीअरिंगमधली तार,” तो म्हणाला. “चिमटलेली.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला? खाटकाकडे वळलीस की वाजायचा, मयताला वाजला, डावीकडे वळलीस की वाजायचाच. यंत्रांत आयुष्य गेलंय माझं, एल्व्हा. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. इथे फाटकात उभ्या उभ्या काढून दिली असती.”

“पहिल्या आठवड्यात!” बाईंचा संताप संताप झाला. “अरे, मी जांभळी-निळी होत होते इथे! कदीनाच्या तीन तीन खेपा घातल्या! मग बोलला का नाहीस?”

लॉइडचे कान त्याच्या टोमॅटोंसारखे लाल झाले.

“माझी कुठे तक्रार होती?”

बाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.