नगारखान्यातली कुजबुज

विझलेल्या काडीचा वास आला की मला रायगड आठवतो. एफवायला असताना नेरूळहून आमच्या कॉलेजची सहल गेली होती. गडावर वारा सुसाट होता, ऊन पाठीला चटके देत होतं. राजदरबारात गाईडकाका म्हणाले, "तिकडे नगारखान्यात साधी काडी ओढली तरी इथे सिंहासनापाशी ऐकू येते. सगळे गप्प बसा." काडीपेटी देऊन त्यांनी मला आणि मैत्रिणीला नगारखान्यात पाठवलं. पहिली काडी वाऱ्याने विझली. एवढ्या लांबून कोण ऐकतंय, असं समजून मी मैत्रिणीला हळूच म्हटलं, "सोमवारी सेमिनार नाही देणार मी. मला ताप आलाय म्हणून सरांना सांग. आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नाही गं, मला नाही जमणार बोलायला." पलीकडून अख्खा वर्ग ओरडला, "जमतंय की! सगळं ऐकू आलं!" पाठोपाठ सरांचा आवाज आला, "सोमवारपर्यंत उतरेल ना गं ताप?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग हसूच फुटलं. सोमवारी पहिल्याच वाक्याला अडखळले, पण बोलले. आता टीवायला आहे. पहिलं वाक्य अजून अडखळतं. दुसऱ्यापासून मात्र मी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलते.