पहारेकऱ्याचे डोळे

दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं रंगवायचा नाद मला नोकरीत असल्यापासूनचा. चित्रं म्हणजे मातीची, बोटभर उंचीची माणसं, बैल, घोडे. नगरच्या बाजारातून कोरी आणायची, नेवाशात घराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं आणि बसायचं. मग गल्लीतली पोरं ती आपल्या किल्ल्यावर मांडतात. आता खाली बसलं की गुडघे उठू देत नाहीत. दरवर्षी म्हणतो, बास झालं आता. कोण ऐकतंय? मीच ऐकत नाही.

माझी आवडती बैलजोडी. पांढरा रंग फासला, शिंगं लाल केली की झालं. बैल त्रास देत नाही. पोत्याला टेकून बसलेला वाणीही लाडका, त्याचं पोट एवढं मोठं की कुंचला चुकायला जागाच नाही. डोकं उठवतो तो पहारेकरी. त्या लेकाचा भाला हात लावताच मोडतो, फेट्याचा रंग कपाळावर ओघळतो, आणि साच्यातून तोंड असं सपाट होऊन येतं की नाक शोधावं लागतं. पुढचं कुठलं नि मागचं कुठलं, हे पायाच्या बोटांवरून ओळखायचं. एकेका पहारेकऱ्यापायी अख्खी संध्याकाळ जाते.

डोळे मात्र मी कधीच काढले नाहीत. आमच्या घरचा रिवाजच तो: बाकी सगळं माझं, डोळे बायकोचे, आणि तेही सगळ्यात शेवटी. उदबत्तीच्या काडीचं टोक काळ्या रंगात बुडवून ती दोन ठिपके देते आणि चित्र आपल्याकडं बघायला लागतं.

यंदा तिच्याच डोळ्यांचं खरं नव्हतं. पावसाळ्यात नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचलीय, इंजेक्शनं चुकवू नका, नाहीतर नजर जाईल. एक इंजेक्शन झालं. येताना एसटीत उभ्यानं आलो, घरी पोचेपर्यंत माझ्यात काही उरलं नव्हतं. पुढच्या खेपेला ती म्हणाली, आता लख्ख दिसतंय, दिवाळीनंतर जाऊ. मी परतपरत विचारलं, तिचं उत्तर तेच. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

वसुबारसेच्या दुपारी चित्रं तिच्यापुढं ठेवली. बैलांचे डोळे तिनं पटापट काढले. मग पहारेकरी घेतला, काडी टेकवली आणि तो माझ्या हातात दिला. दोन्ही डोळे मानेवर होते, फेट्याच्या खाली, बरोब्बर पाठीमागं.

मी हसलो. तिला खोड्या काढायची जुनी सवय आहे. म्हटलं, हा मागनं येणारा चोर धरणार वाटतं. ती हसली नाही. काय झालं, असं तिनं विचारलं, आणि विचारताना माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघितलं. बैल जवळ ओढून पाहिले. एकाचा डोळा शिंगाच्या बुडाशी होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती पदराला बोटं पुसत राहिली. मग म्हणाली, "मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. त्या दिवशी नगरहून आल्यावर तुम्ही पायरीवरच बसून राहिलात, आत यायचीसुद्धा ताकद नव्हती. परत कुठं ओढत न्यायचं तुम्हाला?"

राग आला, तिचाही आणि या गुडघ्यांचाही. ओला बोळा घेऊन मी पहारेकऱ्याची मान पुसली. तिनं चाचपडत तो माझ्या हातातून काढून घेतला, अंगठ्यानं त्याची पावलं शोधली, बोटं कुठल्या बाजूला आहेत ते बघितलं आणि काडी पुन्हा रंगात बुडवली. या वेळी डोळे पुढं आले. थोडे वरखाली, पण पुढं.

पहारेकरी खाली ठेवत ती म्हणाली, "अहो, नगरची सकाळची पहिली एसटी कितीला असते?"