रताळ्यांच्या टोपलीतला कंद

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, अमरावतीला राजापेठेत राहणाऱ्या आईपाशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित — पण नको, कारणं नकोत. सांगते.

आमचं बार्शीटाकळीजवळ फुलांचं शेत. एका श्रावणात मी, माझी मोठी जाऊ शोभाबाई आणि गावातल्या दहा-बारा बाया अकोल्याला विद्यापीठाची वनस्पतींची बाग पाहायला गेलो. बाग दाखवणाऱ्या मॅडम एकेका झाडापाशी थांबून माहिती सांगत होत्या. एका कुंपणावर कळलावीचा वेल होता — लाल-पिवळी फुलं, पाकळ्या जाळासारख्या वर वळलेल्या. मॅडम म्हणाल्या, "हिला हात लावू नका. कंद फार विषारी. रताळं समजून खाल्ला तर माणूस दगावतो."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. शोभाबाईची चप्पल तुटली होती, ती मागे राहिली होती. तिनं ऐकलं नाही.

आणि मी काय केलं? घोळका पुढे गेल्यावर खाली बसले, ओल्या मातीत बोटं घातली आणि एक कंद उपसून पिशवीत टाकला. ते फूल मला आमच्या बांधावर हवं होतं. एवढंच.

घरी कुणाला दिसू नये म्हणून तो रताळ्यांच्या टोपलीत तळाशी ठेवला. सकाळी लावू म्हटलं. राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिसरा दिवस सोमवार — शोभाबाईचा उपास. आमच्या घरात उपास तिचा एकटीचा असायचा.

दुपारी फुलं तोडून आले तर ती मोरीपाशी ओकत बसलेली.

"पोटात आग पडून राहिली वं," ती म्हणाली. "एक रताळं कडू लागलं. टाकून कायले द्याचं म्हणून खाल्लं."

मी टोपली पालथी केली. कंद नव्हता. चुलीजवळ सालं पडली होती. ती गोळा केली आणि खताच्या खड्ड्यात पुरली. मग तिला पाणी दिलं. हो — मग.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तिच्यानं बोलवत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. म्हटलं, "उपासाची रताळी. दुसरं काही नाई."

थोड्या वेळानं डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "ताई, नीट आठवा. आणखी काही पोटात गेलं असेल तर आत्ताच सांगा. उपचार त्यावरून ठरतील." दार उघडंच होतं. आत तिचा हात पलंगावरून खाली लोंबत होता. मला तो दिसत होता.

मी म्हटलं, "नाई."

कसली भीती होती? पोलिसांची? नवऱ्याची? लोक चोर म्हणतील याची? ती मरेल ही भीती होतीच — पण ती शुद्धीवर येऊन कडू रताळ्याचं बोलेल, ही त्याहून मोठी होती. पाच दिवस मी तिच्या उशाशी बसले ते यासाठी. डॉक्टर आले की तिच्याआधी मी बोलायचे. तिला ग्लानी असली की मला बरं वाटायचं.

ती वाचली. दोन आठवड्यांनी तिचे केस गळायला लागले. मी विंचरायचे तेव्हा पुंजकेच्या पुंजके फणीत यायचे. "सुनंदे, उपासात काय चुकलं असन वं माह्यं?" ती विचारायची. दर वेळी. मी फणी साफ करत राहायचे.

केस पुन्हा आले, विरळ. गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात सगळ्या पाहुण्यांदेखत तिनं माझा हात धरला. "हे सुनंदा नसती त मी वाचली नसती. पाच दिवस हलली नाई माह्याजवळून." बाया माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. मानाची पहिली साडी तिनं मला दिली — स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या आधी.

मी ती घेतली. तिच्या पाया पडले. आणि त्याच संध्याकाळी ती नेसून मिरवले.