बायनाबाईची सोमारी

मी गफ्फार. वडसाच्या बाजारात कपडे शिवतो. माह्या दुकानासमोर बायनाबाईची भज्यांची गाडी. तिच्याबद्दल कोनी वाकडं बोललं तं मी ऐकून घेत नाई, आधीच सांगून ठेवतो.

तिले लेकरू नव्हतं. सिंदेवाहीकडे तिच्या लहान भावाले, दादाजीले, जुळ्या पोरी झाल्या, एकीले झाकावं अन् दुसरीले काढावं अशा. त्यातली सोमारी त्यानं बहिणीच्या ओटीत टाकली. दुसऱ्याची पोर उपाशी ठेवते, असं लोकायनं म्हनू नये म्हनून बायनाबाईनं तिले असं चारलं, असं चारलं! तिकडे दुसरी, दिव्यानी, बापाच्या धानाच्या बांधीत राबून काडीवानी. जुळ्याच तं आहेत म्हनून त्यायच्या मायनं, रंभानं, एका दिवाळीले दिव्यानीच्या मापाचा ड्रेस पाठवला. तो सोमारीच्या दंडातच अडकला. मी बगलेत कापड जोडून देल्लं.

मंग सोमारीनं वनरक्षकाची भरती मनावर घेतली. पन चार पावलं पळली का धाप लागे. लोकं म्हनत, आजीचा बांधा आहे, रक्तातच आहे. अरे, आजी तं दिव्यानीचीही तेच ना! डॉक्टरही म्हनाले, दोघींचं रक्त एक, फरक खान्याचा अन् राहनीचा. दादाजी म्हने, "बाई, रोवणीपासून कापणीपर्यंत तिले माह्याइथी पाठव. दिव्यानीसंग राबन, पळन."

बायनाबाई मले म्हने, "गफ्फारभाऊ, पोर तिथीच रमली तं? रंभाले माय म्हनू लागली तं मी काय करू?" पन बॅग तिनंच भरली. त्या दिवशी गिऱ्हाइकांवर नुसती खेकसत होती.

धान कापून झालं तवा सोमारी बरीच उतरली होती. तरी दिव्यानीहून रुंदच. इतक्या वर्षांचं चारलेलं एका हंगामात जाते का? अन् पाहुणीसाठी रंभा रोज वरण-भाजी करे, त्याच्यानं दिव्यानीही जराशी भरली.

भरतीले आमी सारेच चंद्रपूरले गेलो. पोरगी काय पळली, बापा! वेळेत आली. फाटकाबाहेर निंघाली तशी रंभानं तिले कवटाळलं, दादाजी पान्याची बाटली घेऊन "माही पोर, माही पोर" करत नाचला. बायनाबाई मागं झाडाखाली बसून होती. पुढं यायची हिंमतच होईना तिची.

सोमारीनं घटाघटा पानी पेलं, तोंड पुसलं अन् दादाजीले इचारलं, "मामा, माय कुठी आहे?"