शून्य रिजेक्शनचा सराव

व्हॉलीबॉलची सर्व्हिस आली, ज्योत्स्ना आणि तिच्या शेजारणीच्या मधोमध पडली. ज्योत्स्ना सर्व्हिसकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर आली होती. लागोपाठ पाचवी. इच्छापोरच्या त्या मैदानावर समोर दुसऱ्या कारखान्याच्या मुली होत्या, त्यातल्या निम्म्या ड्यूटी संपवून थेट आलेल्या. आमच्या मुली मात्र दोन महिने रोज सराव करून आल्या होत्या. अर्थातच हरलो.

मी तेव्हा सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या महिला व्हॉलीबॉल संघाची कोच होते. शाळेतून पी.टी. टीचर म्हणून रिटायर झाले, घरी बसवेना, म्हणून हे काम घेतलं. ज्योत्स्ना त्याच मिलच्या चेकिंग खात्यात होती. रंगवलेलं कापड टेबलावरून सरकत जातं, त्यातला डाग, तुटका धागा नजरेनं धरायचा, हे तिचं काम. वडील मूळचे शिरपूरकडचे, याच मिलच्या रंगखात्यात. त्या मॅचनंतर तीन आठवड्यांनी एका सरकारी खात्याची स्पोर्ट्स कोट्याची ट्रायल होती. वयाच्या अटीमुळे ज्योत्स्नासाठी ती शेवटची. हुकली तर व्हॉलीबॉल संपलं, पुढे फक्त टेबल आणि कापड. हे ती माझ्याजवळ एकदाच बोलली होती.

आता सरावाबद्दल. प्रॉडक्शन मॅनेजर हिंमतभाई हेच संघाचेही मॅनेजर. मिलचे शेठ त्यांना म्हणाले होते, खेळाकडेही बघा. त्यांनी बघितलं आणि त्यांना तिथेही प्रॉडक्शनच दिसलं. मग बॉल मशिन आली. ही मशिन एकाच जागेवरून, एकाच वेगानं, एकाच उंचीवरून सर्व्हिस टाकते. मुलीनं ती हातांवर घेऊन पुढे सेटरकडे, म्हणजे बॉल उचलून देणारीकडे पोचवायची. याला रिसिव्ह म्हणतात. चुकलेला बॉल बोर्डावर ‘रिजेक्ट’ म्हणून लिहायचा. ज्योत्स्नाचं रिजेक्शन शून्यावर आलं तेव्हा हिंमतभाईंनी पेढे वाटले. गुन्ह्यात मीही सामील होते. माझे गुडघे दुखतात. मशिन बॉल टाकायची आणि मी खुर्चीत बसून चहा पीत ‘शाब्बास’ म्हणायची. इतकी सुखाची नोकरी शाळेत कधी मिळाली नव्हती.

इच्छापोरहून परतताना टेम्पोत मी तिला विचारलं, “बॉल दिसत नव्हता का गं?”

“दिसत होता मॅडम. पण कुठे येतोय ते कळेपर्यंत आलेला असायचा.”

रोगाचं निदान तिनंच करून टाकलं. हात शिकले होते, नजर शिकली नव्हती. सर्व्हिस करणारीचा खांदा कुठे वळला, बॉल तिनं किती वर उडवला, हे बघून पाय आधीच निघावे लागतात. मशिनला खांदा नसतो. दोन महिने आम्ही तिच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर घोकून घेतलं आणि पेपरात दुसरा प्रश्न आल्यावर तोंडात बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी मी मशिनवर ताडपत्री टाकली. सहा मुली जाळीपलीकडे उभ्या केल्या. कुणी, कुठून, कशी सर्व्हिस करायची ते त्यांच्या मर्जीवर. स्वतःसाठी एक नियम केला. ‘कोपर सरळ, गुडघा वाकव’ असं ओरडायचं नाही. खेळाडूचं लक्ष कोपराकडे गेलं की बॉलवरून उडतं. पण तीस वर्षं ओरडण्याचाच पगार घेतलेल्या बाईला गप्प बसणं फार जड गेलं.

पहिल्या दिवशी ज्योत्स्नानं निम्मे बॉल सोडले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी हिंमतभाई बोर्डासमोर उभे.

“मॅडम, ये क्या है? इतना रिजेक्शन?”

“अभी सीख रही है.”

“पहले तो सीखी हुई थी!”

मी त्यांच्याच खात्यात शिरले. “हिंमतभाई, चेकिंग में नयी लडकी आती है, उसको दिनभर एक ही क्वालिटी का माल देते हो?”

“ना रे! मिक्स लॉट देते हैं. एक जैसा माल देखेगी तो आँख सो जाती है. डाग सामने से निकल जाएगा.”

“बॉल का भी वही है.”

ते विचारात पडले. मला वाटलं, चला, डोक्यात प्रकाश पडला.

“मॅडम,” ते समजूत घालत म्हणाले, “वो तो काम है. ये खेल है.”

सोमवारी बघायला येतो, म्हणाले. रिजेक्शन उतरलं नाही तर कोच बदलणार.

त्याच संध्याकाळी ज्योत्स्नाचे वडील गेटवर थांबलेले. “मॅडम, मनी पोर आधी एक बी बॉल सोडे नही. आते निम्मा सोडी राहिनी. काय शिकाडी राहिनात तुम्ही?”

खरं सांगते, भीती मलाही वाटत होती. प्रयोग माझा होता आणि शेवटची संधी तिची. फसला असता तर मला दुसरा संघ मिळाला असता, तिला दुसरी ट्रायल मिळणार नव्हती.

ज्योत्स्नाच मध्ये पडली. “पप्पा, मशिनसमोर मी डोया मिटीसन बी बॉल घेऊ. आते देखीसन घेस.”

‘आता बघून घेते’ हे ऐकून वडील सायकल घेऊन निघून गेले.

सोमवारी हिंमतभाई आले. मी ताडपत्री काढली, दहा मिनिटं मशिन लावली. ज्योत्स्नाचं रिजेक्शन शून्य. त्यांनी बोर्डाचा फोटो काढला, ‘देखा?’ म्हणाले आणि समाधानानं गेले. ताडपत्री परत चढली. वरिष्ठांना आकडा हवा असेल तर तो द्यावा, त्यांचा आणि आपलाही वेळ वाचतो.

ट्रायलला पहिली सर्व्हिस ज्योत्स्नाच्या हातावर आपटून थेट बाकांवर गेली. दुसरीच्या वेळी मी बॉलकडे पाहिलंच नाही, तिच्या पायांकडे पाहिलं. समोरचीच्या हातातून बॉल सुटायच्या आधी ते डावीकडे निघाले होते. मग सर्व्हिस करणाऱ्या बदलत गेल्या आणि ज्योत्स्ना त्यांच्या बॉलच्या आधी पोचत गेली. मी तिथेच रडले. आजूबाजूच्यांना वाटलं, आई असेल.

निवड यादीत तिचं नाव आलं. हिंमतभाईंनी शेठना कळवलं की मशिनचा पैसा वसूल झाला. मी दुरुस्ती सुचवली नाही.

वडील भेटायला आले. हातातली टोपी चाचपत म्हणाले, “मॅडम, मी तुम्हले काय काय बोलनू.”

“बोलायलाच हवं होतं,” मी म्हटलं. “मुलगी तुमची आणि खात्री मलाही नव्हती.”

हे खरंच होतं. खेळाडूला चुकू देणं हे कोचचं सगळ्यांत अवघड काम, कारण त्या दिवसांत खेळाडू वाईट दिसतो आणि कोच त्याहून वाईट. बहुतेक कोच यातली दुसरी गोष्ट टाळण्यासाठी खेळाडूला शिकूच देत नाहीत. मीही दोन महिने शिकू दिलं नव्हतं.